धूरमहाराजांची थांबणी

चपला काढू नका, मंडळी. या चौकात येणारा प्रत्येक पाहुणा आधी चपला काढतो, मग वाकून फरशीतल्या पावलांना हात लावतो आणि मला विचारतो, एवढे संत एकाच गावात झाले कसे? चौकभर दगडात कोरलेली पावलंच पावलं दिसतात, तेव्हा माणूस तसं समजणारच. तुमचा दोष नाही. पण या पादुका नाहीत. इथे कोणी समाधी घेतलेली नाही की कोणता देव प्रकटलेला नाही. ही आमच्या वडसंगीच्या साध्या माणसांची पावलं आहेत. ही रुंद जोडी लोहाराच्या घरची. तिच्या शेजारची कासारांची. ही चिमुकली चार पावलं मोमीनांच्या जुळ्या मुलींची, आणि इथे, दोन पावलांच्या बाजूला जे भोक दिसतंय ते काठीचं. ती गोदू परटिणीची जागा. मधे हा जो दगड नुसताच गुळगुळीत आहे ना, तिथे म्हैस बसली होती.

समोरचा राजवाडा पाहिलात? मोठ्या संस्थानांचे महाल पाहून आलेल्यांना हा राजवाडा म्हणजे एखादी बरी धर्मशाळा वाटते. वाटू दे. वर नगारखाना आहे, सागवानी कमानी आहेत, आणि आता आत मुलींची शाळा भरते, म्हणून दिवसभर किलबिल असते. पायऱ्यांपुढे हा चौथरा. चौथऱ्यावर मात्र एकही पाऊल कोरलेलं नाही. सगळा चौक पावलांनी भरलेला आणि राजाचा चौथरा कोरा, असं का, ते सांगतो. या पायऱ्यांवर बसा, ऊन अजून इकडे यायचं आहे.

फार जुनी गोष्ट आहे. वडसंगी तेव्हा स्वतंत्र संस्थान होतं. स्वतंत्र म्हणजे किती, तर वरच्या डोंगरापासून खालच्या तळ्यापर्यंत. गादीवर हैबतराव महाराज होते. नाव हैबतराव, पण हैबत बसावी असं त्यांच्यात काही नव्हतं, असं सांगतात. बुटके, अंगाने गोल, तोंडात सदा पानाचा तोबरा, आणि कान असे मोठे की पागोट्यात मावायचे नाहीत. रागावले तरी समोरच्याला हसू आवरावं लागायचं म्हणे. पण माणूस मायेचा. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी राजवाड्याचं कोठार उघडलं आणि ते संपल्यावर राजवाड्यात आणि गावात एकाच चुलाणावरची आंबील वाटली गेली. शेजारच्या मोठ्या संस्थानात तेव्हा धान्य मिळत होतं. अट एवढीच, की तिथे जाऊन त्यांची प्रजा म्हणून राहायचं. काही घरं गेली. बाकीची गेली नाहीत. का गेली नाहीत, ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, आणि महाराजांनीही विचारलं नाही.

दुष्काळ सरला आणि शेजाऱ्यांची नजर आमच्या तळ्यावर पडली. ते तळं त्या वर्षीही आटलं नव्हतं. त्यांचा वकील कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाकडे गेला आणि म्हणाला, वडसंगी आता ओसाड आहे. माणसं मेली, उरली ती आमच्याकडे आली. रिकाम्या दगडांवर राजा बसलाय. ते गाव तळ्यासकट आमच्यात घालून टाका.

साहेब नवा होता. त्याच्या पायाला संधिवात, त्यामुळे घाट चढून यायची तयारी नाही. त्याच सुमारास साहेब लोकांना एक नाद लागला होता, असं सांगतात. ठिकठिकाणच्या राजवाड्यांच्या तसबिरी यंत्राने उतरवून घ्यायच्या आणि चामड्यात बांधलेल्या एका भल्या मोठ्या चोपड्यात चिकटवायच्या. ते पाहून विलायतेतल्या लोकांना कळायचं, हिंदुस्थानात कोण कोण आहे. होता होता असं झालं की ज्याची तसबीर त्या चोपड्यात, ते संस्थान आहे, आणि ज्याची नाही ते नाहीच. साहेबाने आमच्या दिवाणांना, त्रिंबकपंतांना, बोलावून सांगितलं की राजवाड्याची, राजाची आणि प्रजेची मिळून एक तसबीर पाठवा. मग ठरवू.

आता वडसंगीत यंत्र कोणी पाहिलेलं? शेवटी मालवणकडचे एक भिकाजी मयेकर म्हणून तसबीरवाले होते, त्यांना बोलावलं. मयेकर बैलगाडीत यंत्र, काळं कापड आणि गवतात गुंडाळलेल्या काचा घेऊन निघाले. त्या काळी तसबीर काचेवर उतरायची. घाटात गाडी कलंडली आणि वडसंगीला पोचेपर्यंत दोनच काचा शाबूत राहिल्या. मयेकरांनी राजवाड्यासमोर उभं राहून आधी त्या फुटलेल्या काचांना आपल्या बोलीत मनसोक्त शिव्या घातल्या. आमच्या लोकांना त्यातलं निम्मंच कळलं, पण तेवढ्यावरही माणूस आवडला.

बाजाराचा दिवस धरला. सगळं गाव चौकात लोटलं. महाराज जरीचा अंगरखा घालून चौथऱ्यावर खुर्चीत बसले. मयेकर काळ्या कापडात शिरले आणि आतून ओरडले, "हालू नकात!"

त्या यंत्राची रीत अशी होती की डोळा उघडला की बराच वेळ उघडाच ठेवायचा. तेवढा वेळ जे स्थिर राहील ते काचेवर उतरायचं. जे हललं ते पुसलं जायचं. मयेकरांनी हे सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

पण मंडळी, या चौकाचा एक जुना रिवाज होता. राजवाड्यासमोर आलं की मुजरा करायचा. महाराज चौथऱ्यावर बसलेले असले तर त्रिवार करायचा, आणि त्यांची नजर पुन्हा आपल्याकडे वळली तर पुन्हा करायचा. आईच्या कडेवरची पोरंही करायची. त्या दिवशी महाराज समोर बसलेले, कौतुकाने इकडून तिकडे पाहताहेत. त्यांची नजर जिकडे वळेल तिकडची माणसं वाकायची. ती सरळ होईपर्यंत दुसरीकडची वाकायची. कोणी बोललं नाही, कोणी जागा सोडली नाही, शिंक आली ती दाबून धरली. सगळ्यांना वाटलं, आपण अगदी तंतोतंत सांगितल्याप्रमाणे केलं. मुजरा करणं म्हणजे हलणं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. महाराजांच्याही नाही.

काच धुऊन काढली तर तिच्यात काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. त्यातलं काही कोणाला उमगेना. ती कागदावर उतरवायचं सामान कॅम्पातच मिळत होतं. मयेकरांनी उजेडात धरून पाहायच्या आत दिवाण घाईने काच घेऊन गेले. कागद तयार झाला तो थेट साहेबाच्या टेबलावर, आणि शेजाऱ्यांचा वकील नेमका तिथेच बसलेला.

ती तसबीर शाळेच्या दिवाणखान्यात लावली आहे, मघा तुम्ही पाहिलीत. राजवाड्याची खिडकी न् खिडकी आली आहे. खुर्चीत महाराज आले आहेत, कान तर फारच स्पष्ट. आणि समोरचा चौक रिकामा! नुसता दगड. एका कोपऱ्यात पाठीतून वाकलेली एक म्हातारी काठी टेकून उभी, आणि मधोमध रवंथ करून झोपी गेलेली एक म्हैस.

वकील खो खो हसला. साहेब हसला नाही. तो म्हणाला म्हणे, "राजवाडा उत्तम. राजा ठीक आहे. प्रजा म्हणजे एक बाई आणि एक म्हैस. एवढ्यासाठी वेगळं संस्थान कशाला?"

त्रिंबकपंत भारदस्त माणूस, पण त्यांनी साहेबाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. अखेर साहेबाने मुदत दिली. माघ संपायच्या आत दुसरी तसबीर आली आणि तिच्यात माणसं दिसली तर ठीक, नाही तर वडसंगी शेजाऱ्यांच्या नकाशात.

पंत तसबीर घेऊन परतले आणि गावात रडारड झाली. आपण सगळे तिथे होतो आणि आपण कोणीच त्यात नाही, हे पाहून माणसं कागदावर आपापली जागा बोटाने चाचपू लागली. कोणी म्हणालं, दुष्काळातच आपण मेलो, आपल्याला कळलं नाही इतकंच. कोणी म्हणालं, हा मालवणचा माणूस करणी करतो. त्याला बांधून आणायचं घाटत होतं, तेवढ्यात धर्मशाळेत उतरलेले मयेकर स्वतःच आले. ते तसबीर डोळ्यांजवळ धरून पाहत राहिले. मग त्यांनी गोदू परटिणीला बोलावलं. राजवाड्याचे कपडे धुण्यात तिचा जन्म गेला होता आणि घाटाच्या दगडावर वाकून वाकून तिची पाठ कायमची वाकली होती.

"आजी, तेव्हा तू काय करीत होतीस?" मयेकरांनी विचारलं.

"म्या काय करनार? समद्यांनी मुजरा घातला," गोदू म्हणाली. "माजी पाठ मेली आदीच वाकल्याली. आनकी कुटं वाकू? ऱ्हायले गप हुबी."

मयेकरांनी कपाळावर हात मारून घेतला. महाराजांच्याही तेव्हाच लक्षात आलं, असं सांगतात. माझ्या माणसांनी मला मान दिला, म्हणून ती पुसली गेली, एवढंच ते म्हणाले आणि बराच वेळ पानालाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. रथसप्तमीला दुपारी सगळ्यांनी चौकात जमायचं. महाराज समोर बसतील. कोणीही मुजरा करायचा नाही.

तुम्हांला वाटेल, गाव सुटलं बिचारं. छे! लोक हादरले. दुष्काळात जे रडले नव्हते ते रडायला लागले. लोहारांचा म्हातारा राजवाड्यावर येऊन म्हणाला, चाबकाने मारा, पण हे सांगू नका. सगळ्यांत जोरात भांडली ती गोदू.

"धनी फुड्यात बसल्यालं, आन् मानसांनी ताट मान करून बगायचं?" ती म्हणाली. "डोळं फुटतील आमचं. गाव ऱ्हाऊन काय करायचं मग?"

"मावशी, आता माना वाकल्या तर गाव जाईल," महाराज म्हणाले. "तळं जाईल. उद्या तुम्ही कुठल्या, असं कोणी विचारलं तर वडसंगीच्या असं सांगता यायचं नाही. मग मुजरा कोणाला घालाल?"

गोदू पदराने डोळे पुसत गेली.

मग सराव सुरू झाला. महाराजांनी चौथऱ्यावर पाऊल ठेवलं रे ठेवलं की सगळा चौक आपसूक वाकायचा. सवयच ती, अंगात मुरलेली. माणसं स्वतःवरच चिडायची, पुन्हा सरळ व्हायची आणि महाराज खोकले की पुन्हा वाकायची. शेवटी महाराजांनी युक्ती काढली. सरावापुरते खुर्चीत त्रिंबकपंतांना बसवलं. पंतांसमोर ताठ उभं राहायला कोणालाच काही अडचण आली नाही. दिवाणांना ते फारसं आवडलं नाही म्हणतात, पण सराव चांगला झाला.

मयेकरांनी एकेकाला हाताला धरून उभं केलं, कोणाच्या आड कोणी येणार नाही असं. प्रत्येकाच्या पावलांभोवती चुन्याची रेघ ओढली. किती वेळ थांबायचं, हे कसं सांगावं? घड्याळ एकट्या दिवाणांकडे. तेव्हा मुदपाकखान्यातल्या बाईला सांगितलं, दाराआड चूल मांड. "हालू नकात" ऐकलं की तव्यावर भाकरी टाक. भाकरी दोन्ही बाजूंनी भाजून फुगली की हाक मार. तोवर सगळ्यांनी दगड व्हायचं. हे माप बायकांना लगेच कळलं आणि पुरुषांना बायकांनी समजावलं. गोदू एकदा हळूच मयेकरांना विचारून गेली, माझी पाठ सरळ होत नाही, मी चालेन का? मयेकर म्हणाले, "वाकलेली चलतली आजी, फक्त हालू नको."

रथसप्तमी उजाडली. आकाशात ढगाचा ठिपका नाही, ऊन अगदी खणखणीत. गाव चुन्याच्या रेघांत उभं राहिलं. तान्ह्या पोरांना पाजून निजवलं होतं. कुत्री घरात कोंडली होती. म्हैस मागच्याच जागी येऊन बसली, तिला कोणी उठवलं नाही. हिचा एकीचा सराव पक्का आहे, असं मयेकर म्हणाले म्हणतात. महाराज आले, खुर्चीत बसले. माना थरथरल्या, पण कोणी वाकलं नाही. काच एकच होती. मयेकर कापडात शिरले आणि चौकात शब्द घुमला, "हालू नकात!"

दाराआड भाकरी तव्यावर पडली.

आता इथून पुढचं मी लहानपणी ऐकलं तसं सांगतो. महाराजांना त्या दिवशी काहीच काम नव्हतं, नुसतं बसायचं होतं. बसल्या बसल्या त्यांनी समोर पाहिलं. गादीवर आल्यापासून या चौकात त्यांनी आपल्या माणसांची पागोटी पाहिली होती, पदर पाहिले होते, वाकलेल्या पाठी पाहिल्या होत्या. तोंडं पाहिली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा सगळं गाव त्यांच्याकडे सरळ बघत होतं. दुष्काळाने गाल बसले होते. कोणाच्या शेजारचं माणूस कमी झालेलं होतं आणि ती जागा मयेकरांनीही भरली नव्हती. शेजारी धान्य मिळत असताना ही माणसं इथली आंबील पिऊन राहिली होती. आणि आज जन्माची सवय मोडून, पाप लागेल असं वाटत असूनही ती ताठ उभी होती. महाराजांना ते बघवेना, आणि नजरही काढवेना.

ते खुर्चीतून उठले.

दिवाण पंत चौथऱ्याखाली, खुर्चीच्या बाजूलाच उभे होते. त्यांनी पाहिलं, पण हात पुढे करावा तर स्वतः हलणार, ओरडावं तर गाव हलणार. दुसऱ्या तसबिरीत पंत फार सुरेख आले आहेत, फक्त डोळे बाहेर पडतील असे वटारलेले आहेत. कापडाखाली मयेकरांनी तोंडात रुमाल कोंबला.

महाराज चौथऱ्याच्या कडेशी आले. डावीकडे वळून वाकले आणि मुजरा केला. मग मध्ये. मग उजवीकडे. सावकाश, रीतसर, जसा त्यांना आयुष्यभर केला गेला होता तसा. आणि शेवटी गोदूकडे तोंड करून ते वाकले ते वाकलेच राहिले, डोकं हलत होतं, कारण ते हुंदके देत होते.

मंडळी, राजा आपल्यापुढे वाकलाय आणि आपण उलट वाकायचं नाही! शरीराला याहून मोठी शिक्षा नसेल. पण चौक हलला नाही. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, हनुवटीवरून खाली पडलं, पण कोणी हात उचलून पुसलं नाही. मग दाराआडून भाकरीचा वास आला आणि बाईची हाक आली, "फुगली वं!" त्या क्षणी सगळं गाव जे खाली वाकलं, ते म्हणे महाराजांनी खाली उतरून एकेकाला धरून उठवेपर्यंत वाकूनच होतं.

काच धुतली. या वेळी तिथल्या तिथे मयेकरांनी ती उजेडासमोर धरून वाचून दाखवली. लोहार आला होता. कासार आला होता. मोमीनांच्या जुळ्या मुली हातात हात घालून आल्या होत्या, हातातल्या बांगड्या मोजाव्यात इतक्या स्पष्ट. गोदू आली होती, म्हैस आली होती. एकही माणूस सुटलं नव्हतं. फक्त चौथऱ्यावर खुर्ची रिकामी होती आणि तिच्यापुढे चुलीतून निघावा तसा नुसता धूर होता.

"आधी प्रजा नव्हती, आता राजा नाही!" पंतांनी डोक्याला हात लावला. "आणि काच संपली."

"धाडा हीच," महाराज म्हणाले. "माझं तोंड एकदा गेलंच आहे साहेबाकडे."

पंत कॅम्पाकडे निघाले. वाटभर त्यांनी कारणं जुळवली, काचेत दोष होता, औषध बिघडलं, वारा सुटला. साहेबाने कागद हातात घेतला, भिंगातून पाहिला. शेजाऱ्यांचा वकील मान लांबवून बघत होता, तो या वेळी हसला नाही. साहेबाने विचारलं, "राजा कुठे आहे?"

जुळवलेलं सगळं पंत विसरले. म्हणाले, "साहेब, ते मुजरा करत होते."

"कोणाला?"

पंतांनी चौकातल्या माणसांवरून बोट फिरवलं.

साहेबाने भिंग पुन्हा त्या धुरावर धरलं, असं सांगतात. मग म्हणाला, "राजा हलला तरी जी माणसं हलत नाहीत, त्यांचं गाव हलवायच्या भानगडीत मी पडणार नाही." आता साहेब हे त्याच्या भाषेत कसं म्हणाला, की आमच्याच माणसांनी ते त्याच्या तोंडी घातलं, ते मला विचारू नका. वडसंगी राहिली, एवढं खरं. तळं तर तुम्ही येताना पाहिलंच. ती तसबीर साहेबाच्या चोपड्यात लागली. बाकीच्या पानांवर महाल आणि महालापुढे राजे होते. आमच्या पानावर माणसं होती.

पुढच्या पहिल्याच पावसात चुन्याच्या रेघा वाहून गेल्या असत्या. म्हणून महाराजांनी पाथरवट बसवले आणि पावलं दगडात कोरून घेतली. पाथरवटांनी विचारलं, महाराज, तुमची कुठे कोरू? ते म्हणाले, मी कुठे थांबलो होतो? म्हणून हा चौथरा असा कोरा आहे. गावाने त्यांना धूरमहाराज हे नाव ठेवलं ते तेव्हापासून. त्यांच्या तोंडावरही म्हणायचे आणि त्यांना ते फार आवडायचं.

जशी पेरणी, मळणी, तशी तेव्हापासून आमची थांबणी. दर रथसप्तमीला खुर्ची बाहेर निघते, दाराआड भाकरी पडते, आणि खुर्चीतला माणूस उठून गावाला मुजरा करतो. गाव वाकत नाही. पुढे देश स्वतंत्र झाला आणि संस्थान विलीन झालं, तेव्हा लोकांना वाटलं, आता राजा नाही, थांबणी कसली? त्या वर्षी हैबतरावांच्या नातवाने खुर्ची स्वतः उचलून आणली आणि तिच्यावर नव्याने आलेल्या मामलेदारांना बसवलं. म्हणाले, आता हे काम तुमचं. आमच्या तसबिरीत राजा नाही, तो आधीपासूनच नाही. मामलेदार भला माणूस होता. उठला आणि नीट मुजरा केला. तेव्हापासून जो कोणी आमच्यावर कारभार करतो त्याला त्या दिवशी खुर्चीत बसावं लागतं आणि भाकरी फुगायच्या आत उठावं लागतं. कलेक्टर येऊन गेले, आमदार येऊन गेले. काहींची पाठ नेमकी त्याच आठवड्यात धरते. त्यांची नावं आम्ही घेत नाही, पण लक्षात ठेवतो.

आणि तो मालवणचा शब्द देशावरच्या या एकाच गावात रुजला. इथला न्हावी दाढीला वस्तरा लावताना "हालू नकात" म्हणतो. शिंपी माप घेताना म्हणतो. आया पोरांना काजळ घालताना म्हणतात. मयेकर पुन्हा कधी इकडे आले नाहीत, पण राहिले मात्र इथेच.

आजही रथसप्तमीला प्रत्येक घर आपापल्या पावलांवर येऊन उभं राहतं. पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेले येतात. घरात माणसं जास्त झाली तर पाळ्या लावतात, पण जोडी रिकामी ठेवत नाहीत. गोदूच्या मागे तेवढं कोणी उरलं नव्हतं. म्हणून तिच्या पावलांवर मी उभा राहतो. माझी ही काठी त्या भोकात बरोबर बसते, बघा. गावाने ती जागा आमच्या घराला देऊन टाकली आहे, त्याला आता फार वर्षं झाली.

हो, विचारा की. मघापासून तुम्ही ती पहिली तसबीर आठवून माझ्या कानांकडे बघताय, ते मला दिसतंय. बरोबर ओळखलंत. या चौकात आमची स्वतःची पावलं नाहीत. सगळं गाव थांबलं होतं, आमच्या घरचं माणूस तेवढं हललं.